अकरा पटांचं जू

मी पटाची छकडी. गोठ्याच्या छपराखाली भिंतीला लागून उभी आहे ना, ती मीच बोलते आहे. जरा जवळ या. मला मोठ्यानं बोलवत नाही आणि मनातलं मनात ठेववतही नाही.

माझ्या धुऱ्यावर लुगडी वाळतात. चाकाच्या आऱ्यांत कोंबड्या बसतात. पण एका जागी उभं राहणं माझ्या हाडात नाही. जरा वारा सुटला की माझी चाकं तसूभर पुढं सरकतात. मग कुणीतरी येतं, "हे पाहा, पुन्हा हलली," म्हणतं आणि चाकाखाली दगड सारतं. दगड पक्का बसला की मला गुदमरल्यासारखं होतं.

मला पुंजाजी सुतारानं घडवलं. भगवंतरावांनी त्याला अंगणात बसवून सांगितलं होतं, "पुंजाजी, मले भार नको. वारं पाह्यजे."

"मंग तुमी त्याच्यावर बसान कुठं, भगवंतराव?"

"बसायले नाही गा, पयाले पाह्यजे."

पुंजाजीनं मग माझ्या अंगावर काही ठेवलंच नाही. दोन बारीक चाकं, धावड्याचा कणा, लांब धुरा आणि एका माणसापुरती फळी. बाजू नाहीत, छप्पर नाही. माझ्यावर कधी भाजीचं पोतं चढलं नाही की लेकुरवाळी बाई बसली नाही. बंडी असते ती कामाची. मी होते शंकरपटाची, बैलांच्या शर्यतीची.

माझं जू त्यानं शिवणीच्या लाकडाचं केलं. बैलांच्या मानेवर आडवं बसतं ते जू. बंडीचं जू बाभळीचं असतं, उचलायला दोन हात लागतात. माझं एका हातानं उचलावं इतकं हलकं होतं. या जुवाचीच गोष्ट मला सांगायची आहे. ते आठवलं की अजून माझा कणा करकरतो.

चांद्या आणि लाख्या हे माझे बैल. त्यांना तयार केलं रामसिंगनं. तो जवळच्या तांड्यावरचा. माझ्या फळीवर बसून बैल हाकायचं काम त्याचं. फार कमी बोलायचा. पहाटे तो बैलांना नाल्याच्या वाळूत न्यायचा. शिवणीचं जू मानेवर ठेवलं की पळवायचं आणि बाभळीचं ठेवलं की चालवायचं, एवढाच त्याचा नेम. दोन वर्षांत एकदाही उलट केलं नाही. शेवटी बैलांच्या मानेलाच समजलं, हलकं जू म्हणजे पळायचं.

पटाच्या दिवशी डफडी वाजत, हजार माणूस ओरडे. बैल बुजू नयेत म्हणून रामसिंग त्यांच्या कानांत कापसाचे बोळे घालायचा. आपल्या वऱ्हाडात कापसाला काय तोटा!

आणि भगवंतराव? ते रेघेवर उभे राहत, पटका मागं सारत, एक हात कानावर ठेवत आणि हाक देत, "हुर्रऽऽ रे माह्या वाघाऽऽ!" ती हाक ऐकून झाडावरचे कावळे उडत. धरणारे गडी बैल सोडत आणि आम्ही सुटत असू. लोक म्हणत, बैल पळतात ते भगवंतरावांच्या हाकेवर. भगवंतरावही तेच म्हणत. ती हाक साऱ्या पंचक्रोशीला ऐकू जायची. ज्या दोघांसाठी होती, त्यांच्या कानात मात्र कापूस असायचा.

हे रामसिंगला ठाऊक होतं आणि मला. मालकाच्या आनंदात आपण कशाला काडी घालायची, म्हणून तो बोलला नाही. मी तर लाकूड.

आम्ही अकरा पट जिंकले. प्रत्येक पटानंतर भगवंतराव जुवाला लाल दोरा बांधत. त्या जुवाला बाईचा हात लागू द्यायचा नाही असा त्यांचा दंडक होता. "हात लागला का जुवाचं पाणी उतरते," म्हणत.

मग पटकीच्या साथीत रामसिंग गेला. भगवंतरावांचे गुडघे धरले. त्यांचा मुलगा जगदेव शांत स्वभावाचा, वांगी-मिरचीच्या वाफ्यांत रमणारा. त्याला पटाची हौस नव्हती. चांद्या-लाख्या बंडीला जुंपले गेले. मानेवर बाभळीचं जू आणि मागं भाजीचे हारे, असे ते रिसोडच्या बाजाराला गाईसारखे चालत जायचे. ते परत येताना माझ्याकडं बघायचेही नाहीत. मला फार लागायचं.

जगदेवची बायको अंजना. माहेर किन्हीराजाचं, सातवी शिकलेली. तिला मुलगा झाला, नाव ठेवलं पंजाब. तेव्हापासून या घरात न झोपणाऱ्या आम्ही दोघी, ती आणि मी. झोळी बांधायच्या आधी ती दोरी तीनदा ओढून बघायची. आंघोळीच्या पाण्यात कोपर घालायची, पुन्हा घालायची, मग पुन्हा. शेजारची आवडाबाई म्हणायची, "हिचं पोट्टं शिंकलं तं हे गावभर इचारत फिरते." अंजना पोराच्या छातीवर हात ठेवून मोजत बसायची, श्वास नीट चालतो ना.

पंजाब दहा महिन्यांचा असताना, दसऱ्याला, अंगणात दमणी आली, माणसांनी बसून जायची छताची बैलगाडी.

आता खोटं कशाला बोलू? दमणी देखणी होती. खाली लोखंडी कमानी, वर छत, दोन्ही अंगांना निळे पडदे, आत गादी आणि लोड. खड्ड्यातून गेली तरी आतल्या माणसाच्या हातातलं दूध हिंदकळू नये अशी. सोनं द्यायला आलेल्या बाया आधी तिच्याभोवती फिरल्या.

"व माय!" आवडाबाई म्हणाली. "कस्तुराबाई, हे तं चाकावरचं घरच झालं. चूल मांडली का झालं."

कस्तुराबाई म्हणजे भगवंतरावांची बायको. ती गादीवर दाबून दाबून हात फिरवत म्हणाली, "बंडीत बसून रिसोडले जावं, तं आल्यावर हाडं मोजून घ्या लागे. आता सुटली मी."

"अन हे छकडी? हिले काय म्हनावं?"

"ते उपास हाय बाप्पा. पोट भरत नाही, नुस्तं नाव होते."

बाया खदखदून हसल्या. भगवंतरावांना राहवलं नाही. "तुमाले काय समजते त्याच्यातलं? दमणी म्हंजे जेवल्यावरची झोप. अन छकडी म्हंजे..." त्यांना शब्द सापडला नाही. त्यांनी नुसता हात हवेत सरळ पुढं सोडला. मला तेवढं पुरलं.

पण त्याच दुपारी त्यांनी माझ्या धुऱ्यावरचा नाडा सोडला. माझं जू काढलं आणि दमणीला बांधलं.

जगदेव म्हणाला, "बाबा, हलकं जू हाय. बैल पयतीन ना."

"कायले पयतीन? मी हाक मारल्याबिगर त्याहीनं कधी पाय उचलला हाय का? अकरा पटाचं जू हाय बाबू. नातवाच्या गाडीले याच्याहून चांगलं काय लावू?"

प्रेमानंच केलं त्यांनी. म्हणून तर माझा जीव जास्त घाबरला. पंधरवड्यानं पंजाबचं जावळ काढायचं होतं, मामाच्या मांडीवर, किन्हीराजाला. अंजना आणि तिचं तान्हं याच दमणीत बसणार होते, याच जुवामागं. वाटेत नाल्याचा उतार आहे, एका अंगाला मुरमाची खोल खदान. मी माझं सगळं बळ एकवटलं, तर एक आरा फक्त कुरकुरला. आवडाबाई म्हणाली, "जुनं लाकूड, वाळवी लागली वाटते."

कोजागिरीच्या आदल्या दिवशी कस्तुराबाई आणि आवडाबाई दमणीत बसून शेजारच्या गावच्या देवीला निघाल्या. पंजाबला सर्दी होती म्हणून अंजना राहिली. जगदेवनं बैल जुंपले. माझं जू मानेवर पडताच चांद्याच्या पाठीवरून एक लहर गेली. ती लहर मी ओळखते. फाटकातून दमणी बाहेर पडली आणि मग मला फक्त धूळ दिसली.

घटकाभरानं त्या दोघी पायी परत आल्या. कस्तुराबाईच्या कपाळावर टेंगूळ होतं. आवडाबाईच्या एका पायातली वहाण गेली होती.

"मी पडद्यातून बाहीर पाह्यलं," आवडाबाई धापा टाकत म्हणाली, "तं झाडं माह्यापेक्षा जास्त घाईत! देवी राह्यली तिकडं, मले तं यमाचं दर्शन होऊन राह्यलं होतं!"

जगदेव दमणी घेऊन मागून आला. बैल नाल्याच्या वाळूत जाऊन आपोआप थांबले होते. रामसिंग थांबवायचा तिथंच.

भगवंतराव मांडीवर थाप मारून हसले. "चार दिस बसून खाल्लं, मस्ती चढली. जावळाच्या दिशी मी सोता संगं येतो. हाक माही, कासराही माहा."

अंजना दारात उभी होती. ती हसली नाही. सासूच्या टेंगळाकडं बघत होती. मग तिचा हात आपोआप पंजाबच्या कपाळावर गेला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. तेच बैल बंडीला जुंपून जगदेव रिसोडला गेला आणि आला. अंजनानं पाणी दिलं आणि विचारलं, "बैल कसे गेले आज?"

"गाईवानी."

"काल माजले होते अन आज गाई? बदललं काय मंग?"

"गाडी बदलली."

"अजून?"

अंजना वळली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या धुऱ्याच्या उघड्या टोकाकडं, जिथं नाडा नुसता लोंबत होता. मी जन्मात कुणाकडं एवढ्या आशेनं पाहिलं नसेल.

पुढच्या दुपारी पुरुष मळ्यात होते, सासू झोपली होती. अंजना पंजाबला कडेवर घेऊन अंगणात आली. दमणीजवळ थांबली. इकडंतिकडं पाहिलं. मग दातांनी नाड्याची गाठ सोडवली आणि माझं जू हातात घेतलं. त्याला लागलेला तो पहिला बाईचा हात. जू काही वितळलं नाही. लाल दोरे तसेच होते.

खुंट्याला बांधलेले बैल रवंथ करत होते. तिनं जू त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवलं. चांद्याचं तोंड थांबलं. लाख्याचे कान उभे राहिले. मग दोघांनी नाकपुड्या फुगवून दावी अशी ताणली की खुंटा हलला. ती पटकन मागं झाली, पोराला छातीशी घट्ट धरून. जू दमणीआड नेलं तसे बैल हळूहळू निवले. मग ती बाभळीचं जू फरफटत घेऊन आली. बैलांनी डोळे मिटले.

तिनं हे तीनदा केलं, आंघोळीचं पाणी बघावं तसं. मग जू होतं तसं बांधून ठेवलं.

संध्याकाळी जगदेव बैलांना सरकी घालत होता. ती जवळ गेली. "आयकता का? बैल हाकेवर नाही पयत. जुवावर पयते." आणि तिनं सगळं सांगितलं.

जगदेवनं सरकीतला हात बाहेर काढला. "मी बाबाले हे कसं सांगू, अंजना? तुमची हाक कायच्याच कामाची नाही म्हणून? अकरा पट हायेत त्याहीचे. दुसरं काय हाय त्याहीजवळ?"

अंजनानं कडेवरच्या पोराकडं पाहिलं. "माह्याजवळ एकच हाय."

तो पुन्हा सरकी कालवू लागला. माणसांचं हे मला नवल वाटतं. बैलाला काय समजतं हे शोधून काढतात, पण बापाला सांगायला जीभ उचलत नाही.

जावळाला निघायचा दिवस उजाडला. वाटेत मालेगावला मुक्काम करायचा म्हणून सगळे लवकर उठले होते. सगळ्यांआधी अंजना उठली. तिनं माझं जू दमणीवरून सोडलं आणि त्या जागी बाभळीचं बांधलं. माझं जू आणून माझ्या फळीवर ठेवलं. तिनं प्रत्येक गाठ तीनदा ओढून पाहिली.

भगवंतराव नवा पटका बांधून बाहेर आले. त्यांनी पाहिलं आणि पाय रोवून उभे राहिले.

"जू कोनं सोडलं?"

जगदेवनं तोंड उघडलं, पण त्याआधीच ती बोलली. "मी, मामाजी."

निरोप द्यायला आलेली आवडाबाई शिदोरीची टोपली हातात घेऊन तशीच थांबली. कस्तुराबाई पुटपुटली, "अंजने, काहून व असं केलं माय?"

"त्या जुवाले बाईचा हात..." भगवंतरावांचा आवाज चढला. "अकरा पटाचं पाणी उतरवलं तुनं! मास्तरीण झाली का सात बुकं शिकून?"

"रागवा मामाजी. मारलं तरी चालते. पण त्या जुवामांगं मी माहं लेकरू बसवत नाही. बैल तुमच्या हाकेवर पयते म्हनता ना? मंग मारा हाक. या बाबळीच्या जुवावर बैल एक पाऊल पयाले, तं माही चूक. तुमचंच जू बांधीन अन तोंड न उघडता बसीन."

एवढं ती या घरात कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिनं पदराचं टोक दातात धरलं.

भगवंतरावांनी बैल जुंपायला लावले. दमणी रिकामी ठेवली. ते समोर उभे राहिले, पटका मागं सारला, हात कानावर नेला. कितीतरी वर्षांनी मी ती हाक ऐकली.

"हुर्रऽऽ रे माह्या वाघाऽऽ!"

कावळे उडाले. गल्लीतली कुत्री भुंकू लागली. पंजाब दचकला आणि मग खुदकन हसला. लाख्यानं शेण टाकलं. चांद्यानं माशी वारावी तसा कान हलवला.

त्यांनी पुन्हा हाक दिली. तिसऱ्यांदा दिली तेव्हा आवाज मधेच चिरकला. बैल रवंथ करत होते. आवडाबाईची जीभ जन्मात पहिल्यांदा टाळूला चिकटली असेल.

मग अंजना माझ्या फळीवरचं जू घेऊन बैलांसमोर गेली. जगदेव आणि दोन गडी शिंगांना लोंबकळले तेव्हा कुठं बैल आवरले. तिनं जू लगेच दमणीमागं नेऊन लपवलं.

भगवंतरावांनी सगळं पाहिलं. ते हळूहळू चालत छपराखाली आले आणि माझ्या फळीवर बसले. किती वर्षांनी माझ्यावर माणसाचा भार पडला! मला आनंद व्हायला हवा होता. पण ते इतके जड बसले की मी हललेसुद्धा नाही.

"रामसिंग कापूस घाले त्याहीच्या कानात," ते कुणाकडंही न बघता म्हणाले. "मी इचारलं, काहून रे? तं म्हने, मालक, वारं लागते बैलाले."

त्यांनी माझ्या फळीवरून तळहात फिरवला.

"सारी दुनिया माही हाक आयके. अन चार बोटावरच्या कानात नाही गेली." ते हसले. हसता हसता पटक्याचं टोक डोळ्यांना लावलं. "पन त्यानं मले सांगतलं नाही गा. शेवटपर्यंत नाही सांगतलं."

अंजना जवळ आली. तिनं पंजाबला त्यांच्या मांडीवर ठेवलं. तिचं पोर ती सहसा कुणाच्या हाती देत नाही. "मामाजी, तुमी याले घेऊन दमणीत बसा. तुमच्याबिगर मले त्या उताराचं भ्या वाटते."

भगवंतरावांनी नातवाकडं पाहिलं, मग सुनेकडं. "हाक नाही मारत," ते म्हणाले.

"मारा ना मामाजी. बैल काही आयकत नाही."

आवडाबाईला हसू आवरलं नाही, मग कुणालाच आवरलं नाही, भगवंतरावांनाही. दमणी फाटकातून बाहेर पडली, डुलत, घुंगरं वाजवत, गाईच्या चालीनं. त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला नाही. ती ज्या कामासाठी घडली ते करत होती. मी तिच्या पुढं सहज गेले असते, पण दूध मात्र माझ्यावर सांडलंच असतं.

जावळ झालं, सगळे सुखरूप परत आले. माझं जू माझ्याच धुऱ्यावर परत बांधलं गेलं, अकरा दोऱ्यांसकट. अंजनानं बांधलं. भगवंतराव शेजारी उभे राहून, "इकडून ओढ, तिकडून ओढ," सांगत होते.

आता माघ लागला आहे. भगवंतराव रोज सकाळी उन्हाला माझ्या फळीवर येऊन बसतात. पंजाब रांगत येतो आणि माझ्या चाकाचे आरे धरून उभा राहतो. त्याचे हात ओले, चिकट असतात. परवा तो असाच उभा होता. भगवंतरावांनी अगदी हलक्या आवाजात, सवयीनं म्हटलं, "हुर्र रे माह्या वाघा..."

पोरानं आरा सोडला. चाललं नाही, थेट पळालं. एक, दोन, पाच पावलं, आणि अंगणाच्या मधोमध धप्पकन बसलं. भगवंतराव फळीवरून उठून उभे राहिले. त्यांच्या हाकेवर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पळालं होतं. अंजना चुलीपासून पिठाचे हात घेऊन धावली, "हयू रे, हयू! पडला ना व माय!" तिनं पोराचे गुडघे पाहिले, कोपरं पाहिली, पुन्हा गुडघे पाहिले.

आता तो दिवसातून दहादा येऊन माझ्या चाकाला धरतो. आणि मी अजून तशीच आहे, वारा आला की सरकणारी. रात्र रात्र मला तीच धास्ती, तो धरून उभा असताना मी हलले तर?

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. जाता जाता एवढं करा. माझ्या चाकाखालचा दगड पाहा, सैल झाला आहे. तो पक्का बसवा. आणि बसवल्यावर एकदा हलवून बघा, नाही, तीनदा बघा.